पायऱ्यापायऱ्यांची कवटी

सीटी स्कॅनवरून हाडांची थ्रीडी मॉडेलं बनवणं हे माझं रोजचं काम. नव्याने या कामाला लागणाऱ्यांना मी जे सांगतो ते असं:

१. हो-नाही करायची घाई नको. स्कॅन हाती आला की बरेच जण प्रत्येक व्हॉक्सेलवर (स्कॅनमधल्या छोट्या घनावर) ‘हाड’ किंवा ‘हाड नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतात. घात तिथेच होतो. लॉरेन्सन आणि क्लाइन यांची १९८७ची मार्चिंग क्यूब्ज पद्धत आठ कोपऱ्यांचा एकेक घन तपासते आणि पृष्ठभाग घनाची कड जिथे ओलांडतो तिथे त्रिकोणाचा बिंदू ठेवते. समजा थ्रेशोल्ड, म्हणजे हाड मानायची सीमा, ३०० हाउन्सफील्ड (सीटीतल्या घनतेचं एकक) आहे, कडेच्या एका टोकाला १०० आणि दुसऱ्याला ४००. मग बिंदू १००पासून दोन-तृतीयांश अंतरावर बसतो. शेजारच्या कडेवर तो जरा सरकतो, आणि या सरकण्यातूनच गोलाई येते. त्याच आकड्यांचे तुम्ही ० आणि १ केलेत, की प्रत्येक बिंदू बरोब्बर मध्यावर. झाल्या कवटीला पायऱ्या!

२. मग ग्रिड बारीक करायचा मोह होतो. ५१२चा घन म्हणजेच १३ कोटींवर व्हॉक्सेल. दुप्पट बारीक केला की आठपट. एवढं करून पायऱ्या लहान होतात, जात नाहीत.

३. छायांकनाला लागणारे नॉर्मल (पृष्ठभागाच्या काटकोनातल्या दिशा) त्रिकोणांवरून नको, मूळ आकड्यांच्या उतारावरून काढा. तिन्ही दिशांना मागच्या-पुढच्या व्हॉक्सेलमधला फरक घेतला की काम भागतं.

४. लाप्लाशियन स्मूदिंग, म्हणजे प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढणं, जपून. चित्र देखणं होतं, पण मॉडेल आकसतं. डोळ्याच्या खोबणीची भिंत आधीच कागदासारखी, ती पार बिघडते. टाउबिनची १९९५ची युक्ती बरी: एकदा आत ओढायचं, एकदा बाहेर ढकलायचं. तरी सर्जन मापं घेणार असतील तर मी स्मूदिंगला हातच लावत नाही. (देखणेपणाचा आग्रह सहसा सर्जनचा नसतो, प्रेझेंटेशन करणाऱ्याचा असतो.)

५. धारदार कडा हव्या असतील तर मार्चिंग क्यूब्जऐवजी ड्युअल कॉन्टूरिंग ही पद्धत. हाडाला क्वचितच लागतं.

६. स्लाइस किती जाडीचे, हे सगळ्यात आधी विचारा. आडवा व्हॉक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा आणि स्लाइस ५ मिलिमीटरचे असतील, तर टाळूवर डोंगरउतारावरच्या शेतांसारखे टप्पे पडणारच. तिथे कुठलंही गणित कामाला येत नाही. रेडिओलॉजीकडून पातळ स्लाइसचं रिकन्स्ट्रक्शन मागून घ्या. कच्चा डेटा मशीनवर फार दिवस ठेवत नाहीत, तेव्हा फोन त्याच दिवशी करा.