एका पंगतीस बसणे

अभ्यासपाठ : लूक १४:७–१४. जोडवाचन : यशया ५८:६–७, १ करिंथ ११:१७–२२.

पंगत म्हणजे काय हे आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस समजावून सांगण्याचे कारण नाही. कोणास आत पाट मिळतो व कोणास अंगणाबाहेर पत्रावळ, यावरून गावात माणसाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या ठरत आली. आमच्यांपैकी पुष्कळांच्या पूर्वजांनी वरून टाकलेली भाकर झेलली आहे. म्हणून भोजनाविषयी प्रभूने दिलेला हा धडा आम्हांस लवकर उमगावा.

पाठाचा अर्थ

शब्बाथ दिवशी प्रभू एका प्रमुख परूश्याच्या घरी जेवावयास गेला होता. पाहुणे मानाच्या जागा धरीत आहेत हे पाहून त्याने प्रथम त्यांस बोध केला व मग यजमानाकडे वळून सांगितले की, जेवणावळ घालताना परतफेड करू शकणाऱ्या सोयऱ्यांस व धनवान शेजाऱ्यांस बोलावू नये; दरिद्री, व्यंग, लंगडे व आंधळे यांस बोलवावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांस अन्न पाठवून द्यावे, असे प्रभू म्हणत नाही. त्यांस बोलवावे, असे म्हणतो. यशयाही भुकेल्यास भाकर वाटून देण्याबरोबरच निराश्रितास घरात घेण्याविषयी सांगतो. करिंथ येथील मंडळीत अन्न नव्हते असे नाही. परंतु काही जण अगोदर जेवून तृप्त होत व गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांस कडक शब्दांत दोष दिला. रोम १२:१३ व इब्री १३:२ येथे आतिथ्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ परक्यावरील प्रीती असा आहे. दान दुरूनही करिता येते. प्रीती करावयाची तर जवळ बसावे लागते.

बेघर कोण?

२०११ सालच्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री रस्त्याच्या कडेस, फलाटांवर, पुलांखाली व देवळांच्या ओवऱ्यांत राहणाऱ्यांची मोजणी झाली. भारतात असे सुमारे १७ लाख ७३ हजार लोक आढळले. महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. यांतील कित्येक खेड्यांतूनच गेलेले असतात. कोणास दुष्काळाने गाव सोडावयास लाविले, कोणास कर्जाने. कोणी विधवा घराबाहेर पडली, कोणाचे मन आजाराने बिघडले. एका लाख शहरी वस्तीमागे एक निवारा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. छप्पर देणे हे सरकारचे काम आहे. परंतु शेजार देणे हे कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने होत नाही.

रोम शहरातील एक उदाहरण

१९६८ साली रोम येथे आंद्रेआ रिक्कार्दी नावाच्या विद्यार्थ्याने व त्याच्या सोबत्यांनी एक मंडळ सुरू केले. पुढे ते सान्त एजिदिओ या नावाने प्रसिद्ध झाले. हे लोक रोमन कॅथलिक पंथाचे आहेत. तरी चांगले शिकण्यास पंथाची आडकाठी नसावी. १९८२ च्या नाताळात त्यांनी त्रास्तेवेरे भागातील एका पुरातन मंदिरातच मेज मांडून सुमारे वीस गरीब पाहुण्यांस जेवू घातले. ही चाल पुढे अनेक देशांत पसरली.

पुढच्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९८३ रोजी, रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ मोदेस्ता वालेंती ही एकाहत्तर वर्षांची बेघर स्त्री आजारी पडली. ती अस्वच्छ आहे म्हणून रुग्णवाहिकेने तिला नेले नाही, व कित्येक तास वाट पाहून ती तेथेच मरण पावली. हे मंडळ दरवर्षी तिचे नाव घेऊन प्रार्थना करिते. रोमच्या नगरपालिकेने तिच्या नावाचा एक रस्ता केवळ कागदावर ठेविला आहे. ज्यांस घर नाही त्यांनी तोच पत्ता आपला म्हणून नोंदवावा व दवाखान्यासारखे हक्क मिळवावे, हा त्याचा हेतू. तिला त्या दिवशी कोणी हात लाविला असता तर त्या रस्त्यास दुसरे नाव मिळाले असते.

भाकरीस अट नको

१८७६ ते १८७८ व १८९६ ते १९०० या काळांतील दुष्काळांत मिशनच्या आश्रयास आलेल्यांवर, यांनी पोटासाठी धर्म सोडला, असा टोमणा मारला गेला. तो टोमणा आमच्या आजा-पणज्यांनी सोसला. तेव्हा अट घातलेली भाकर किती कडू लागते हे आम्हांस दुसऱ्याने सांगावयास नको. ताट वाढण्यापूर्वी उपदेश करू नये. पाहुण्याने प्रार्थनेस यावे अशी अपेक्षाही मनात धरू नये. तीही एक परतफेडच आहे, आणि परतफेडीची आशा तर प्रभूने वर्ज्य केली आहे. तुमचा विश्वास काय, असे त्याने आपण होऊन विचारल्यास नम्रतेने सांगावे.

मंडळीने काय करावे?

१. दोघा-तिघांनी मिळून तालुक्याचे एस.टी. स्थानक किंवा बाजाराचा ओटा असे एकच ठिकाण व आठवड्याचा एकच वार ठरवावा. सणापुरते जाणे सोपे आहे. चौथ्या आठवड्यास जाणे कठीण, आणि मैत्री तेथूनच सुरू होते.

२. उभे राहून वाढून निघून जाऊ नये. खाली बसावे व तेच अन्न आपणही खावे.

३. आपले नाव सांगावे, त्याचे विचारावे व पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारावी. वयाप्रमाणे आजी, मामा, दादा म्हणावे. गतकाळाची उलटतपासणी करू नये. स्त्रियांशी भगिनींनी बोलावे.

४. अन्न ताजे व मऊ असावे, कारण पुष्कळांस दात नसतात. अनेक दिवस उपाशी असलेल्यास एकदम पोटभर जेवण अपाय करिते; त्यास थोडे थोडे द्यावे व डॉक्टरांस दाखवावे.

५. जेवणाऱ्याचे छायाचित्र काढू नये.

६. दवाखान्यात किंवा कचेरीत सोबत जावे. पत्ता नसलेल्यास एकट्याने दाद मिळणे कठीण असते.

७. पाहुण्याने पाणी वाढू केले किंवा आपल्या पैशाने चहा देऊ केला, तर नाकारू नये. परतफेडीची आशा न धरणे निराळे व दुसऱ्याचा हात मागे सारणे निराळे. ज्याच्याकडून आपण कधी काहीच घेत नाही, त्यास आपण याचकच ठेवितो. मित्र करीत नाही.

शिक्षकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

गेल्या वर्षी आपल्या घरच्या पंगतीस परतफेड करू न शकणारा कोण होता? आपल्या बाजारात रोज दिसणाऱ्या कोणत्या माणसाचे नाव आपणांस ठाऊक नाही? ते विचारावयास येत्या आठवड्यात कोण जाईल? शेवटल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय वर्ग सोडू नये.