आंबोलीचा सडा आणि पाण्याच्या दोन वाटा

थंड हवेचे ठिकाण म्हटले की उंच डोंगर आणि त्याच्या माथ्यापर्यंत वळणे घेत जाणारी वाट, असे चित्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आंबोलीच्या बाबतीत बेळगावकरांना हे चित्र थोडे बाजूस ठेवावे लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर. सहलीपूर्वी हे दोन्ही आकडे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, "मग सर, आपण चढणार कुठे?" प्रश्न रास्त होता, आणि तो घेऊनच आम्ही जुलैच्या एका शनिवारी दुपारी उद्यमबागेतून निघालो.

बेळगाव पठारावर आत वसलेले आहे. आंबोली त्याच पठाराच्या अगदी काठावर आहे. काठाखाली सावंतवाडीचा सखल प्रदेश पसरला आहे. तिकडून येणाऱ्यास सुमारे तीस किलोमीटरांच्या वाटेत सहाशे मीटरांहून अधिक चढावे लागते, आणि घामाघूम होऊन वर आल्यावर जी गार झुळूक लागते तिच्यामुळे आंबोली 'थंड हवेचे ठिकाण' ठरते. तेव्हा हा मान खालून येणाऱ्यांनी दिलेला आहे. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे नेण्यासाठी इंग्रजांनी जो रस्ता वापरला, त्यावरील एक टप्पा म्हणून हे गाव पुढे आले. बैलगाड्यांचे तांडे घाट चढून इथे विसावत. पुढे मुरगाव बंदराला रेल्वे मिळाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. मुक्कामाचे गाव मात्र राहिले.

हिंडलगा मागे टाकून शिनोळीला पोहोचताच मुले खिडक्यांशी गोळा झाली. इथे कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो. "परराज्य आले!" अशी एकच हाकाटी झाली. मी त्यांना एवढेच सांगितले, की १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी पुढचा चंदगड तालुकाही बेळगाव जिल्ह्यातच होता. तुमच्या पणजोबांना हा प्रवास जिल्ह्यातल्या जिल्ह्यात वाटला असता. मग थोडी निराशा झाली, पण ती पहिल्या सरीबरोबर वाहून गेली.

पावसाचा हिशेब विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. पुढे वाट नसल्याने ते वर चढतात, चढताना थंड होतात आणि थंड हवेस पूर्वीइतके बाष्प पेलवत नाही. ते ओझे वारा काठावरच टाकतो. आंबोलीस वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पासष्ट-सत्तर किलोमीटरांवरच्या बेळगावात तो बाराशे-तेराशेवर येतो, आणि आणखी पूर्वेस गोकाककडे सहाशेच्या आसपास. वारा तोच, ढगही तेच. पण खांद्यावरचे ओझे हलके झालेले.

रविवारी सकाळी सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. धुके इतके दाट होते की रांगेतील पाचवा मुलगा दिसेना, म्हणून हजेरी आवाजावर घ्यावी लागली. सड्यावर माती नसल्यातच जमा; पण दगडातल्या खळग्यांत पाणी साचते, आणि या खळग्यांसाठीच मी निघण्यापूर्वी एक नियम घालून दिला होता: डबक्यात पाय घालायचा नाही.

नियमाचे कारण एक भेक आहे. अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या या भेकाला शास्त्रज्ञांनी २००९ साली 'झँथोफ्रायनी टायग्रिना' असे नाव दिले. आंबोली आणि तिचा आसपासचा टापू सोडल्यास तो जगात इतरत्र आढळत नाही, आणि नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. पहिल्या पावसात तो सड्यावरच्या उथळ खळग्यांत अंडी घालतो. पावसाने उघडीप दिली तर पाणी आटते आणि पिल्ले मरतात. मोटारीचे चाक किंवा एखाद्याचा बूट त्यात पडला तरी परिणाम तोच. एका मुलीने कंपासपेटीतली पट्टी काठाशी धरून एका डबक्याची खोली मोजली. ती जेमतेम तीन सेंटीमीटर भरली. मग मुले स्वतःहूनच दगडांच्या उंचवट्यांवरून चालू लागली. मला पुन्हा सांगावे लागले नाही.

दुपारी हिरण्यकेशीच्या उगमाशी गेलो. गुहेतून पाणी बाहेर येते, पुढे देवीचे मंदिर व कुंड आहे. या पाण्यातील लहानशा माशाची नवी जात म्हणून शास्त्रीय नोंद २०२० साली झाली. त्याचे नावही नदीवरूनच, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. देवाच्या कुंडात जाळे टाकायचे नाही, या जुन्या रीतीने शासनाच्या पुष्कळ आधी माशाची राखण केली असावी, असे माझे मत आहे.

उगमाजवळच्या टपरीवर चहा देणाऱ्या बाईंनी मला विचारले, "खंयसून इलात?" मी घरच्या कोकणीत उत्तर दिले, तेव्हा मुले चकित झाली, त्यांनी सरांना वर्गात कधी असे बोलताना ऐकले नव्हते! घाटाखालची बोली आणि वरची मराठी या काठावर अशा सहज एकमेकींना भेटतात.

पाणी मात्र इथे एकमेकांचा निरोप घेते. काठाच्या पश्चिमेस पडलेला थेंब धबधब्यांतून कोकणात उतरतो आणि थोड्याच अवधीत अरबी समुद्र गाठतो. हिरण्यकेशीचे पाणी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत ते घटप्रभेला मिळते, गोकाकच्या कड्यावरून सुमारे बावन्न मीटर खाली कोसळते, पुढे कृष्णेत शिरते आणि सारे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरास पोहोचते. दोन थेंबांमध्ये उगमाशी हातभर अंतर असले, तरी शेवटी मध्ये सबंध देश उभा राहतो.

याच डोंगरपट्ट्यातून येणारी घटप्रभा हिडकलच्या धरणात अडविलेली आहे, आणि तेथून बेळगाव शहरास पिण्याचे पाणी येते. दुसरे पाणी राकसकोपचे, म्हणजे मार्कंडेय नदीचे. तीही पुढे घटप्रभेलाच मिळते. हे ऐकल्यावर नववीतल्या त्याच मुलाने आपली बाटली उचलून तिच्यातले पाणी बराच वेळ न्याहाळले.

सध्या नववीच्या वर्गात भिंतीवर एक मोठा नकाशा लावला आहे. त्यावर हिरण्यकेशीची निळी रेघ मुलांनी उगमापासून गोकाकपर्यंत आणली आहे. तेथून पुढची कृष्णा काढण्याचे काम दहावीच्या मुलांकडे दिले आहे.