कुत्रं चाटलं, मांजरानं ओरबाडलं… काळजी कधी करायची?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले आणि उठायच्या वेळेला एक मावशी हळूच म्हणाल्या, "मॅडम, काल गल्लीतल्या कुत्र्यानं नातवाच्या पोटरीला दात लावला. रक्त नाही आलं. चुना लावलाय. काही होत नाही ना?"

झालं, बैठक पुन्हा सुरू! कोणी म्हणालं, रक्त नाही तर भीती नाही. कोणी म्हणालं, पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतात. खरं सांगते, कॉलेजात असताना मलाही एका पिल्लानं ओरबाडलं होतं. घरी बोलतील म्हणून सांगितलं नाही आणि चार रात्री झोपले नाही. पाचव्या दिवशी दवाखान्यात गेले. तेव्हा कळलं, नुसती काळजी करून उपयोग नाही, काय करायचं ते माहीत हवं.

रेबीज होतो कसा?
रेबीजचा विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतो. चावा, ओरखडा किंवा उघडी जखम यातून तो शरीरात शिरतो आणि नसांमधून मेंदूकडे जातो. लक्षणं बहुतेक वेळा १ ते ३ महिन्यांत दिसतात, कधी त्याहून उशिरा. एकदा लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण त्याआधी वेळेवर पूर्ण उपचार घेतले तर हा आजार टळतो. कुत्र्याशिवाय मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा यांच्यापासूनही धोका असतो.

आपलं प्रकरण कोणतं?
१. जनावराला हात लावला, खाऊ घातलं, धड कातडीवर चाटलं: लस लागत नाही. हात धुवा आणि निवांत झोपा.
२. दात लागला किंवा ओरखडा उठला, पण रक्त नाही: लस घ्यायचीच.
३. रक्त आलं, जखमेवर किंवा भेगांवर चाटलं, लाळ डोळ्यात-तोंडात गेली: लस आणि शिवाय जखमेत दिलं जाणारं वेगळं इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन). प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तिथं त्याच दिवशी जा.

आधी काय करायचं?
जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून बघा, १५ मिनिटं बरीच असतात! चुना, हळद, मिरची पूड, तेल, तंबाखू काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. उतारा, मंत्र यात दिवस घालवू नका. मग थेट सरकारी दवाखाना. तिथं लस मोफत मिळते.

पोटातली १४ इंजेक्शनं आता बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडावर कातडीत लस देतात. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी पुढचे डोस. बरं वाटतंय, मजुरी बुडते म्हणून शेवटचा डोस चुकवू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही ही लस चालते. उशीर झाला असला तरी "आता काय उपयोग" म्हणू नका, आज जा. कार्ड जपून ठेवा. पुन्हा कधी चावलं तर कमी डोसांत भागतं.

कुत्रा ओळखीचा असेल तर १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. पण त्यासाठी लस थांबवू नका.

गोठ्यातली गोष्ट
गाय-म्हैस अचानक लाळ गाळते, खात नाही, विचित्र हंबरते, तेव्हा घशात काही अडकलं म्हणून आपण तोंडात हात घालतो. हात आत घालू नका, पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. दूध उकळूनच प्या.

गटाचं काम
लेकरं मार बसेल म्हणून चावल्याचं लपवतात. त्यांना सांगा, "रागावणार नाही, पण लगेच सांग." पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा: जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि आशाताईंचा नंबर इतिवृत्ताच्या वहीत लिहा, आणि गाडीभाड्यासाठी गटातून तातडीचं अंतर्गत कर्ज देण्याचा ठराव घ्या. पैसे नाहीत म्हणून कुणाचा डोस चुकायला नको.

त्या मावशींनी बैठकीतूनच उठून चुना धुऊन काढला आणि नातवाला घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठलं. चारही डोस झाले. परवा भेटल्या तेव्हा पोरगं स्वतःच कार्ड दाखवायला पुढं आलं.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक