वाचनवहीत नेमकं लिहायचं काय?

प्रश्न : मी पनवेलला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. साहित्याच्या तासासाठी वाचनवही ठेवायची आहे. पण माझ्या हातून नुसतं कथानकच उतरतं. काय करू?

उत्तर : कथानक दोन ओळींत आटपा. खरी नोंद सुरू होते ती वाचताना तुम्ही जिथे अडलात तिथून. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) नायकाची धाकटी बहीण मनी मरते, तिथे पुस्तक मिटावंसं वाटलं का? मग पान क्रमांक टाका आणि का वाटलं ते लिहा. लेखकाने तिथे वाक्यं लांबवली की तोडली, तेही बघा. याच कादंबरीचा काही भाग रोजनिशीच्या रूपात आहे. तुटक नोंदींतून माणूस कसा उभा राहतो, ते त्यात दिसेल.

‘आवडलं नाही’ हेही बिनधास्त लिहा, फक्त कारणासकट. हार्बर लोकलमध्ये वाचत असाल तर मोबाइलवर चार शब्द टिपा, पण रात्रीच वहीत उतरवा. शिळ्या आठवणीला आपण नकळत रंग देतो. महिन्याभराने तीच नोंद काढून समासात वेगळ्या शाईने स्वतःशी वाद घाला. खाडाखोड मात्र तशीच राहू द्या. तुमचं मत कुठे बदललं, हे शिक्षकांना तिथेच कळतं.