फेब्रुवारीतली रीडिंग्ज

रत्नागिरी

चि. सई,


काल दादाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "सईचं संपत आलंय. फेब्रुवारीतली न जुळणारी रीडिंग्ज काढली की पेपर जाईल." त्याला ती आनंदाची बातमी वाटली. माझा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्याने अर्धवट ऐकलं असेल तर देव पावला. पण तू खरंच तसं ठरवलं असशील, तर सई, ती काढू नकोस.

त्या रात्री लेझरचं लॉक सुटलं होतं, चेंबरमधला दाब चढला होता, असं वहीत तेव्हाच लिहिलेलं असेल तर खुशाल काढ, आणि काढल्याचं पेपरात लिही. पण उत्तर लांब पडलं म्हणून आज कारण शोधायला बसली असशील तर ते चालणार नाही. जवळ आलेल्या रीडिंग्जची एवढी झडती घेतलीस का? यापुढे एखाद्या सहकाऱ्याला सगळ्या वारंवारतांमध्ये एक गुप्त आकडा मिसळायला सांग. शेवटपर्यंत तो उघडायचा नाही. मग उत्तर कुठे पडतंय हे तुलाच कळणार नाही.

हायड्रोजनवर काम करणारीला मी काय सांगावं? २०१० साली स्वित्झर्लंडमध्ये म्यूऑनिक हायड्रोजनवरून प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आली. तोवर सगळे ०.८८ धरून चालले होते. २०१७ मध्ये गार्शिंगला साध्या हायड्रोजननेही लहानच माप दिलं. वाद मिटला असं वाटत असतानाच २०१८ मध्ये पॅरिसच्या गटाला पुन्हा मोठं माप मिळालं, आणि त्यांनी ते तसंच छापलं. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. २०२० मध्ये गार्शिंगने पॅरिसने मोजलेली तीच १एस–३एस रेषा फ्रिक्वेन्सी कॉम्बने मोजली, तेव्हा माप लहान आलं. पॅरिसने आपला आकडा दडवला असता तर ताडून बघायला काय उरलं असतं?

एमएस्सीला आम्ही लोखंडाच्या आर्कची प्लेट काढायचो, डार्करूममध्ये धुवायचो, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली एकेक रेषा मोजून हार्टमनच्या सूत्रात घालायचो. चौथ्या-पाचव्या आकड्यालाच दमायला व्हायचं; तू बाराव्या-तेराव्याशी झगडतेस. मला पुढे तेच करायचं होतं. अण्णा आजारी पडले, नोकरी धरावी लागली, प्लेटांचा खोका तिथेच राहिला. दोष कुणाचाच नाही, पण हळहळ अजून जात नाही. म्हणून तुझी एक रात्रसुद्धा टाकून दिलेली मला सोसवत नाही.

फार बोलले. मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या खरेपणाबद्दल मला कधीच शंका नव्हती. फेलोशिप संपत आलीय, बरोबरीच्यांचे पेपर आलेत, आणि दमलेल्या माणसाला सोपी वाट दिसते, हे मला कळतं. सहा महिने जास्त लागले तर लागू देत. तेवढ्या महिन्यांच्या घरभाड्याचं मी बघते; दादाला सांगायची गरज नाही. रात्री लॅबमध्ये उपाशी बसू नकोस. रविवारी फोन कर. आकड्यांचं मी काही विचारणार नाही, तुझा आवाज तेवढा ऐकू दे.

तुझी,
आत्या