पाकाची पारख

मार्गशीर्ष लागला की बाजारात टपोरे आवळे दिसू लागतात आणि वैद्यांच्या घरी च्यवनप्राशाची चूल पेटते. चाटून खावयाच्या अशा औषधी पाकाला आयुर्वेदात ‘अवलेह’ म्हणतात. च्यवनप्राशाची कृती चरकसंहितेत दिलेली असून तीत आवळे मोजून पाचशे घ्यावयास सांगितले आहेत. त्या औषधाने वृद्ध च्यवन ऋषी पुन्हा तरुण झाले, अशी कथा आहे. कथा असो, खरी कसोटी लागते ती चुलीपाशी.

दशमुळे, गुळवेल इत्यादी वनस्पती पाण्यात उकळतात व त्यातच फडक्यात बांधलेले आवळे शिजवितात. मग बिया काढून गर फडक्यावर घासतात, म्हणजे शिरा वर राहतात. आवळा आंबट; म्हणून पितळेचे पातेले असल्यास त्याला कल्हई हवीच. हा गर तूप व तिळाच्या तेलात परततात. गाळलेल्या काढ्यात साखर घालून पाक करितात, त्यात गर मिसळतात आणि एकसारखे ढवळत राहतात. हात थांबला की गर बुडाशी लागलाच!

आता वैद्य चुलीपासून हलत नाही. पाकाचा थेंब चिमटीत धरून तो बोटे दूर करितो. तार निघते की नाही ते पाहतो. दुसरा थेंब पाण्यात सोडतो. थेंब पसरला तर पाक कच्चा. तळाशी जाऊन तसाच स्थिर राहिला तर पाक साधला. निवालेल्या गोळीवर बोट दाबले असता बोटाच्या रेषा उमटाव्या लागतात. या खुणा शार्ङ्गधरसंहितेत नोंदविलेल्या आहेत. कच्च्या पाकात पाणी उरते, त्याला बुरशी धरते आणि ते औषध रोग्यालाच बाधते. कच्चा पाक पुन्हा चुलीवर चढविता येतो. करपलेला मात्र कशानेही सुधारत नाही.

पाक खाली उतरल्यावर पिंपळी, दालचिनी, वेलची यांचे वस्त्रगाळ चूर्ण मिसळतात. मध मात्र पूर्ण निवाल्यावरच घालावयाचा, कारण मध तापवू नये असे आयुर्वेद सांगतो. उतावळा शिकाऊ नेमका येथेच चुकतो.

आज कारखान्यांच्या प्रयोगशाळांत औषधातील ओलावा यंत्राने मोजतात. बुरशी आणि शिशासारखे जड धातूही तपासतात. हे शिसे बोटांना कळणे शक्य नव्हते. घरी मात्र बरणी कोरडी ठेवावी लागते आणि चमचाही कोरडाच लागतो. ओला चमचा आत गेला की चुलीवर आटविलेले पाणी पुन्हा पाकात शिरते.