हिशोबाची फाइल सापडत नाही तेव्हा

मागच्या महिन्यात एका गटाच्या सचिव ताईंचा रात्री आठला फोन आला. "मॅडम, सगळा हिशोब उडाला हो! उद्या बँकेत कर्जाचे कागद द्यायचेत."

घरी जाऊन बघितलं तर उडालं काहीच नव्हतं. उलट एका हिशोबाच्या चार फायली झाल्या होत्या. 'गट हिशोब', 'गट हिशोब (१)', 'गट हिशोब (२)' आणि 'गट हिशोब नवीन'. एकीत जूनपर्यंतची बचत, दुसरीत जुलैची कर्जफेड. ताईंचा मुलगा आलेली फाइल दर वेळी नव्याने डाउनलोड करायचा. जुन्या फाइलवर नवी बसत नाही. कॉम्प्युटर नावापुढे आकडा लावतो आणि वेगळी प्रत 'डाउनलोड्स'मध्ये टाकतो.

अशा वेळी घाबरून नवी फाइल सुरू करू नका, पसारा वाढतो. कीबोर्डवर विंडोजच्या चिन्हाचं बटण दाबून धरा आणि ई दाबा. डावीकडे 'धिस पीसी' निवडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या शोधाच्या चौकोनात नावातला एक शब्द टाका. सापडलेल्या फायली 'डिटेल्स'मध्ये बघितल्या की कोणती कधी बदलली ती तारीख दिसते. पण शेवटची तारीख म्हणजे पूर्ण हिशोब, असं धरून चालू नका. आम्ही कागदी रजिस्टर आणि पासबुक घेऊन बसलो, एकेक रक्कम ताडून बघितली. अकरा वाजले! वही होती म्हणून निभावलं, नाहीतर काही खरं नव्हतं.

चुकून डिलीट झालेली फाइल 'रिसायकल बिन'मध्ये असते. उजवं बटण दाबून 'रिस्टोअर' केलं की मूळ जागी परत जाते. पेनड्राइव्हवरून पुसलेली मात्र तिथे येत नाही. माउसने ओढताना एक फोल्डर दुसऱ्यात शिरला, तर लगेच कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा, बाहेर येतो.

आता ताईंच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये गटाच्या नावाचा एकच फोल्डर आहे, आत दर आर्थिक वर्षाचा वेगळा. फाइलचं नाव '२०२५-०७ मासिक हिशोब' असं. आधी वर्ष, मग महिन्याचा आकडा. नुसतं 'एप्रिल', 'मे' लिहिलं तर फायली अक्षरांच्या क्रमाने लागतात आणि एप्रिलशेजारी मे येतच नाही. जुन्या तीन प्रती आम्ही पुसल्या नाहीत, 'जुन्या' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. ऑडिट होईपर्यंत राहू देत.

निघता निघता ताईंनी डेस्कटॉपवरचं चित्र पेनड्राइव्हवर टाकलं. त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण होता. बाण असला की तो शॉर्टकट, म्हणजे फाइलचा नुसता पत्ता. बँकेच्या कॉम्प्युटरवर उघडला नसता. खरी फाइल टाकली, पेनड्राइव्हवरूनच एकदा उघडून बघितली, मग घरी निघाले.